अंगठ्याचा भाव

ओलेबिले मोदिसेची डावी करंगळी मोडली, ती विचारपूर्वक मोडलेली होती. खाणीत दोर ओढणारं विंच चालवायला दोन्ही अंगठे लागतात, मधली बोटंही लागतात, पण करंगळीवाचून कुणाचं अडत नाही. ही चौकशी मालोमेनं एका मुकादमाकडून आधीच करून घेतली होती. कमावणारा अवयव मोडायचा नाही, हे त्याचं तत्त्व होतं, आणि तत्त्वाला जागणारे सावकार त्या भागात फार उरले नव्हते.

मालोमे म्हणजे आईचा भाऊ, मामा. त्याचं खरं नाव काय ते त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागलं असतं. लग्न असो, मर्तिक असो, पोराची फी असो, माणसानं मामाकडे जावं ही तिथली रीत. खरे मामा स्वतःच कर्जात बुडाल्यावर ती जागा रिकामी पडली आणि टायर पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या या गृहस्थानं ती भरून काढली. शंभर घेतले तर महिन्यानं दीडशे द्यायचे. तारण म्हणून बँकेचं कार्ड आणि त्याचा गुप्त आकडा त्याच्याकडे ठेवायचा. पगाराच्या दिवशी स्पॅनर नावाचा त्याचा माणूस पावाच्या रिकाम्या पिशवीत चाळीस-पन्नास कार्डं घेऊन पैसे काढायच्या मशीनसमोरच्या रांगेत उभा राही. त्याच्या मागे उभं राहायची पाळी आली की लोक घरून डबा मागवत.

करंगळी मोडल्याच्या दुसऱ्या दिवशी ओलेबिले कर्ज-सल्लागार बाई मोइपोने लेत्लापे यांच्या ऑफिसात आला. दोन बोटं एकत्र करून त्यावर काळी वायरची टेप गुंडाळली होती. बोटाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. त्याचं म्हणणं वॉशिंग मशीनच्या दुकानाबद्दल होतं. ते लोक फोनवर फार उद्धट बोलतात, असं त्याचं म्हणणं.

मोइपोनेचं ऑफिस म्हणजे र्रा दित्शेले यांच्या शवपेट्यांच्या दुकानातली पडद्यामागची अर्धी खोली. तिथं मानानं पुरुषाला र्रा म्हणत आणि बाईला म्मा. पडदा जांभळा होता. चुकून तिच्याकडे आलेली माणसं 'मृताचं नाव काय' या प्रश्नाच्या तयारीनं बसत, आणि तिनं 'एकूण देणी किती' असं विचारलं की जास्त रडत. बाई चव्वेचाळीस वर्षांची, वाणिज्याची पदवीधर. सोळा वर्षं एका बँकेत तिनं खाणकामगारांना कर्जं विकली होती. बँकेनं माणसं कमी केली तेव्हा ती कमी झाली, आणि परीक्षा देऊन सरकारमान्य कर्ज-सल्लागार बनली. पूर्वी ज्यांना खड्ड्यात उतरवलं त्यांनाच आता ती शिडी विकत होती. गिऱ्हाईक तेच होतं, त्यामुळे ओळखीचा फायदा झाला.

ओलेबिलेनं आधी दिवाळं काढता येईल का असं विचारलं. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की कोर्टात एकदा हात वर केले की सगळं माफ होतं. मोइपोनेनं समजावलं की दिवाळखोर व्हायला ऐपत लागते. दिवाळ्यातून घेणेकऱ्यांचा काहीतरी फायदा होतोय हे कोर्टाला दाखवावं लागतं, वकील लागतो, विकायला मालमत्ता लागते. ओलेबिलेपाशी होतं ते अर्धं बांधलेलं घर आणि एक सोफा, तोही हप्त्यावरचा.

"म्हणजे मी दिवाळखोर व्हायलाही गरीब पडतो," तो म्हणाला.

ती म्हणाली की साधारण तसंच. मग तिनं दुसरा मार्ग काढला. सगळी देणी एकत्र करायची, मॅजिस्ट्रेटकडून हप्ते लहान करून घ्यायचे, पाच वर्षं नियमानं भरायचे. तेवढ्या काळात कुणी घेणेकरी घराला हात लावू शकत नाही. अट एवढीच, की यादीत एकही घेणेकरी सुटता कामा नये.

ओलेबिलेनं नऊ नावं सांगितली. घराची बँक, दुसरी बँक, सोफा, वॉशिंग मशीन, कपड्यांची दोन दुकानं, मोबाइल, अंत्यविधीचा विमा, आणि एक शाळा. मोइपोनेनं त्याच्या बोटाकडे पाहिलं आणि दहावं नाव विचारलं. तो म्हणाला, दहावं नाही. तिनं त्याचं बँकेचं कार्ड मागितलं. तो म्हणाला, हरवलं. कधी हरवलं विचारलं तर म्हणाला, दोन वर्षांपूर्वी.

"ओलेबिले, तुमचा पगार दर महिन्याला कोण काढतं?"

"म्मा, ते नाव कागदावर नको."

"का?"

"तो कागदावरचा माणूस नाही."

शेवटी त्यानं सांगितलं. चार हजार घेतले होते बापाच्या अंत्ययात्रेला, आलेल्यांच्या जेवणासाठी बैल कापायला. आजवर किती फेडले ते त्याला मोजायचं नव्हतं. या महिन्यात मुलीच्या वसतिगृहासाठी त्यानं मुकादमाकडून आगाऊ पैसे उचलले, पगार तेवढा कमी जमा झाला, आणि करंगळी गेली. पुढच्या वेळी अंगठा, असा निरोप होता. अंगठा गेला की खाणीच्या डॉक्टरकडे तो नापास होणार, नापास झाला की नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की मोइपोनेच्या पाच वर्षांच्या हप्त्यांचं भिजलेल्या पावासारखं होणार. सगळा मामला डाव्या हाताच्या एका अंगठ्यावर येऊन ठेपला होता.

इतर सल्लागार मालोमेचं नाव ऐकलं की पेन खाली ठेवत आणि हवापाण्याचं बोलत. मोइपोनेला ते जमलं नाही. तिनं आयुष्यात एकही रकाना रिकामा सोडलेला नव्हता. कुणाचं कार्ड अडकवून ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे, हे तिनं ओलेबिलेला ऐकवलं. त्यानं मान डोलावली, जशी आपण डॉक्टरांनी जास्त चालायला सांगितल्यावर डोलावतो. मग तिनं त्याला दुसऱ्या बँकेत नवं खातं उघडायला लावलं, खाणीच्या ऑफिसात पगार तिकडे वळवायचा अर्ज द्यायला लावला, आणि यादीत दहावं नाव घातलं. मुद्दल आणि कायद्यात बसणारं व्याज तेवढं धरलं. हप्ता बसला महिना शहाण्णव रँड.

आणि यादीतल्या प्रत्येक घेणेकऱ्याला लेखी कळवावं लागतं, असा नियम असल्यामुळे तिनं मालोमेलाही लेखी कळवलं.

र्रा दित्शेलेंनी पडदा बाजूला करून तिला समजवायचा प्रयत्न केला. त्यांनी चाळीस वर्षं माणसं पुरली होती, त्यामुळे ते सगळं हळू बोलत. "म्मा, माझा धंदा तुमच्यामुळे वाढावा अशी माझी इच्छा नाही," एवढंच ते म्हणाले. पत्र पोस्टानं पाठवता येईना, कारण मालोमेला पत्ता नव्हता. तो कुठे असतो ते सगळ्यांना माहीत होतं एवढंच. तेव्हा मोइपोने स्वतः गाडी काढून टायरच्या दुकानात गेली.

मालोमे मगविन्या, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, खात होता. तेलकट हात पुसून त्यानं पत्र घेतलं, दोनदा वाचलं आणि तिला बसायला टायर पुढे केला. रागावलेला दिसला नाही. त्याला शहाण्णव रँडचं फारसं वाटलं नव्हतं. त्याला लागलं ते दुसरंच.

"सोफ्याच्या खाली घातलंत मला," तो म्हणाला.

ती म्हणाली की क्रम नावाप्रमाणे नाही, तारखेप्रमाणे आहे.

"वॉशिंग मशीनच्याही खाली. मी त्याच्या बापाला पुरलं, म्मा. वॉशिंग मशीननं काय धुतलं, बापाचं पाप?"

मालोमेनं स्पॅनरला खूण केली. स्पॅनर बाहेर गेला, चाकाच्या पान्यानं तिच्या गाडीची पुढची काच फोडली, मग मागची, मग दोन्ही आरसे. घाई नव्हती. प्रत्येक फटक्यानंतर तो थांबून काम बघायचा, कुंभार मडकं बघतो तसा. संपल्यावर त्यानं तिच्यासाठी दार उघडून धरलं आणि बसायच्या जागेवरच्या काचा कोपरानं झटकून दिल्या. मालोमे म्हणाला की पंचवीस तारखेला, पगाराच्या दिवशी, बँकेचं मशीन काय म्हणतंय ते बघू. मशीनवर त्याचा फार विश्वास होता.

ती पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या हवालदारानं पेन उघडलं, नाव ऐकलं आणि पेन मिटलं. त्याचं स्वतःचं कार्ड त्याच पावाच्या पिशवीत होतं.

पंचवीस तारखेला स्पॅनरनं रांगेत सगळी कार्डं घातली. ओलेबिलेच्या कार्डावर शून्य आलं. त्यानं ते पुन्हा घातलं, शर्टाला पुसून तिसऱ्यांदा घातलं, आणि मग मशीनच्या काचेवर डोकं आपटलं. मशीनचंच नुकसान झालं. दुपारी पाळी सुटली तेव्हा तो खाणीच्या बसच्या पायरीशी उभा होता. ओलेबिले उतरताच त्यानं त्याच्या पोटात गुडघा घातला. बसमधली माणसं खाली बघत, त्याला ओलांडून आपापल्या घरी गेली. त्यांचीही कार्डं होतीच.

मग ओलेबिलेला टायरच्या दुकानात टाकून स्पॅनरची गाडी शवपेट्यांच्या दुकानापाशी थांबली. स्पॅनर पडद्यामागे आला आणि मालोमेनं हिशेबाला बोलावलंय म्हणाला. मोइपोनेनं नकार दिला. त्यानं तिला केसांना धरून दुकानातून बाहेर नेलं. वाटेत एक पांढरी शवपेटी आडवी पडली, तिचं झाकण मोडलं. र्रा दित्शेले मध्ये आले तेव्हा त्यानं त्यांच्या तोंडावर मूठ मारली, आणि मग म्हाताऱ्या माणसाला मारलं म्हणून माफीही मागितली. संस्कार चांगले होते.

टायरच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. ओलेबिले जमिनीवर गुडघ्यांवर होता, वरचा ओठ फाटून दातांना चिकटलेला. त्याचा डावा हात ट्रकच्या चाकाच्या लोखंडी रिमवर ताणून दोरीनं बांधला होता. अंगठा तेवढा मोकळा ठेवला होता. बाजूला टायर ठोकायचा मोठा हातोडा होता. मालोमेनं मोइपोनेला पुन्हा तोच टायर बसायला दिला.

त्यानं तिला मोडायचं की नाही हे विचारलं नाही, ते ठरलेलं होतं. फक्त तत्त्वाचा प्रश्न होता. कमावणारा अवयव मोडायचा नाही हे तत्त्व, पण हा अंगठा आता त्याच्यासाठी कमावत नव्हता, वॉशिंग मशीनसाठी कमावत होता. मग ते तत्त्व लागू होतं का, एवढं त्याला एका शिकलेल्या माणसाकडून ऐकायचं होतं.

मोइपोने त्याच्याच भाषेत बोलली. अंगठा गेला तर खाणीचा डॉक्टर काढून टाकेल, पगार बंद होईल, मग मालोमेला शहाण्णवही मिळणार नाहीत. हे सांगताना तिचा आवाज बँकेतल्यासारखा झाला, आणि तिथेच घोळ झाला.

"पगार जाईल," स्पॅनर म्हणाला, "पण खाण भरपाई देते ना. माझ्या चुलत भावाचा अंगठा विंचमध्ये गेला, त्यानं चार दारांची गाडी घेतली."

मालोमेनं एव्हाना हातात घेतलेला हातोडा खाली ठेवला. त्यानं आयुष्यभर पंक्चर काढले होते, हवा कुठून येतेय ते त्याला चटकन कळे. त्यानं मोइपोनेला विचारलं की हे खरं का. सरकारी तक्ता असतो का, ज्यात शरीराच्या प्रत्येक भागाचा भाव लिहिलेला असतो.

असतो. मोइपोनेला तो तोंडपाठ होता. बँकेत असताना तिनं त्याच भरपाईवर आगाऊ कर्जं विकली होती.

पण तिला धक्का मालोमेच्या चेहऱ्यानं बसला नाही. ओलेबिलेनं मान वर केली होती. फाटक्या ओठातून रक्त ओघळत होतं आणि तो आपल्या अंगठ्याकडे बघत होता, बाजारात म्हशीकडे बघावं तसा.

"म्मा," तो म्हणाला, "घर सुटेल का त्यात?"

तिनं मान वळवून शटरकडे पाहिलं.

"म्हणजे एका दमात? सगळं?"

"भाच्या," मालोमे हळूच म्हणाला, आणि स्वतः वाकून त्याच्या हाताची दोरी सैल करायला लागला. "इथं नाही, वेड्या. इथं फुकट जाईल. सोमवारी खाणीत खाली गेल्यावर."

बांधलेल्या माणसाला सोडवण्यात इतका जिव्हाळा मोइपोनेनं कधी पाहिला नव्हता. ओलेबिलेनं मनगट चोळलं आणि मालोमेला विचारलं की तुझं देणं त्यात संपेल का. मालोमे म्हणाला, संपेल, वर मी तुझ्याकडून बिअर घेईन. स्पॅनरनं ओलेबिलेच्या पाठीवर थाप मारली. ओलेबिले कळवळला, कारण मघाशी तिथंच लाथ बसली होती, पण हसला. तिघंही घरच्यासारखे झाले होते.

तेव्हा मोइपोने आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून चुकीचं बोलली.

ती म्हणाली की भरपाई त्याच्या हातात पडणारच नाही. माणूस एकदा यादीत गेला की त्याला मिळालेली कुठलीही मोठी रक्कम आधी मॅजिस्ट्रेटकडे जाते आणि यादीतल्या दहाही जणांत देण्याच्या प्रमाणात वाटली जाते. घराची बँक सगळ्यात मोठी, ती बहुतेक सगळं गिळेल. मालोमेचं मुद्दल चार हजार, दहावं नाव, त्याच्या वाट्याला बाराशे-तेराशे येतील, तेही दोन वर्षांनी.

यातलं काही खरं नव्हतं. कामगाराच्या भरपाईला कायद्यानं कुणी घेणेकरी बोट लावू शकत नाही. पण जी बाई सावकाराला महिना शहाण्णव रँडचा हप्ता लेखी कळवायला स्वतः गाडी घेऊन येते, तिला खोटं बोलता येत असेल अशी शंका कुणाला येणार?

मालोमेनं नाव काढून टाकायला सांगितलं. ती म्हणाली, ते आता मॅजिस्ट्रेटच काढू शकतो. दुसरं खोटं पहिल्याहून सोपं गेलं.

ओलेबिलेचा चेहरा पडला. मालोमेनं त्याला घरी जायला सांगितलं. त्याचा अंगठा आता कुणाच्याच उपयोगाचा नव्हता, म्हणून सुरक्षित होता. ओलेबिले उठला, शटरखालून वाकून बाहेर पडला. मोइपोनेकडे त्यानं वळून पाहिलं नाही.

"आता तुमचं," मालोमे म्हणाला. "या पंचवीस तारखेचं कुणी भरायचं?"

ती टायरवरून उठायला लागली, स्पॅनरनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

"सल्लागाराचा अंगठा कुठल्या तक्त्यात बसतो, म्मा?"

"कुठल्याच नाही," ती म्हणाली. हे खरं होतं. स्वतःचा धंदा असलेल्याला ती भरपाई लागू नाही. विमा तिनं कधी घेतला नव्हता. तो ती इतरांना घ्यायला सांगे.

"म्हणजे वाटे पडायची भानगड नाही," तो म्हणाला.

स्पॅनरनं तिचा उजवा हात रिमवर दाबला. ती ओढत राहिली, चावली, त्याच्या मनगटाचं मांस तिच्या दातांत आलं, त्यानं दुसऱ्या हातानं तिच्या कानावर ठोसा दिला आणि सगळं जग टायरच्या वासाचं झालं. पहिला फटका रिमवर बसला, लोखंड वाजलं. मालोमे नीट मार म्हणाला. दुसरा बसला. सुक्या मक्याचं कणीस मोडताना यावा तसा आवाज आला, आणि नख कुठेतरी उडून टायरांच्या ढिगात गेलं. तिसरा का मारला ते स्पॅनरलाही माहीत नसावं. हात चालू होता म्हणून मारला.

र्रा दित्शेले सुजलेल्या तोंडानं शववाहिका घेऊन आले आणि तिला दवाखान्यात घेऊन गेले. रस्त्यानं लोक टोप्या काढून उभे राहिले. आत जिवंत बाई बसलेली बघून दोघातिघांनी त्या पुन्हा घातल्या.

महिनाभरानं ओलेबिले ऑफिसात आला. पहिला हप्ता वेळेवर गेला होता. मालोमेनं दरम्यान त्याचा फ्रिज आणि छपराचे पत्रे नेले होते, त्याच्या मेहुण्याचे दोन दात पाडले होते, पण अंगठ्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं. मोइपोनेचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि अंगठा जिथं असायचा तिथं प्लास्टर सपाट होतं. तो त्या हाताकडे न बघता खुर्चीत बसला. आभार मानायला आला असेल, असं तिला क्षणभर वाटलं, आणि तसं वाटल्याची तिला लाजही वाटली.

त्यानं खिशातून डावा हात काढून टेबलावर ठेवला. करंगळी वाकडी जुळली होती.

"ते दहा वाटे पडतात म्हणालात. ते खरं होतं का, म्मा?"

खरं सांगितलं तर तो सोमवारी खाली उतरून विंचच्या दोरात हात घालणार होता. त्याच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं. त्यानं दोर कुठला आणि वेळ कुठली तेही ठरवलं असावं.

"खरं होतं," ती म्हणाली.

"पाच वर्षं."

"पाच वर्षं. त्यातला एक महिना झाला."

"माझ्या पाळीतल्या एकाचा पाय गेला मागच्या वर्षी. त्याच्यावरही सतरा देणी होती. त्याला मिळाले सगळे."

ती म्हणाली की त्याचं नाव यादीत नसेल.

"म्हणजे यादीत घातलंत म्हणून माझं गेलं." तो रागावून बोलत नव्हता. नुसता हिशेब लावत होता. "तुमच्याकडे आलो नसतो तर अंगठा गेला असता आणि घर आलं असतं. तुमच्याकडे आलो, तर अंगठा आहे आणि छप्पर गेलं. मग तुम्ही नक्की काय केलंत माझं?"

तिला प्लास्टर दाखवावंसं वाटलं. तिनं दाखवलं नाही. तो उठला, पडद्यापाशी थांबला, आणि जाताजाता म्हणाला की टॅक्सीच्या थांब्याजवळ एक नवा सल्लागार बसतो, त्याला एकदा विचारून बघतो. पहिला सल्ला फुकट आहे म्हणे.

त्या नव्या सल्लागाराला मोइपोने ओळखत होती. बँकेत तो तिच्या हाताखाली होता. हुशार, नेटका, कधीही खाडाखोड न करणारा. भरपाईचा तो तक्ता तिनंच त्याच्याकडून पाठ करून घेतला होता, डोळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत. तो विचारलं की खरं सांगणार, हे तिच्या लक्षात यायला अर्धा तास गेला. मग तिनं डाव्या हातानं फोन शोधला, डाव्या हातानं नंबर लावला, दोनदा चुकला. तिसऱ्यांदा त्यानं उचलला आणि मॅडम, तब्येत कशी आहे असं फार आपुलकीनं विचारलं. तिनं घाईघाईनं सांगितलं. मोदिसे नावाचा माणूस येईल, डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे, भरपाईबद्दल विचारेल, त्याला काय वाट्टेल ते सांग, पण खरं सांगू नकोस.

तो म्हणाला की मॅडम, उशीर केलात, ते आत्ताच माझ्यासमोर बसलेत.

"सांगितलंस त्याला?"

"विचारलं म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "फार खुशीत आहेत. तुम्हाला काही निरोप द्यायचाय का?"